जपून म्हणजे नेमकं कसं?

ताई पडल्या त्यानंतरच्या चार दिवसांत त्यांना 21 फोन आले. आकडा पक्का आहे, कारण ताई ग्रंथपाल होत्या आणि नोंद ठेवायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. फोनशेजारच्या वहीत कोणाचा फोन आला आणि त्यानं काय सांगितलं, दोन्ही लिहिलेलं असतं. 19 नावांपुढे एकच शब्द आहे: ‘जपून’. विसावा फोन चुकून लागलेला. एकविसावा पुण्याहून, धाकट्या भावाचा. त्यापुढे लिहिलंय, ‘येतो म्हणतो. ड्रिल घेऊन.’

भाऊ खरोखरच ड्रिल घेऊन आले. शरावती एक्स्प्रेसनं एक रात्र आणि एक दिवस काढून म्हैसूरला उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत स्टीलचे चार दांडे, अँकर फास्टनरचा डबा, खरखरीत पिवळी पट्टी, हालचाल दिसली की आपोआप लागणारे दोन दिवे आणि आंतरजालावरून छापून घेतलेल्या कागदांची एक फाइल होती. ताईंचं वय 78, भाऊंचं 72. ताई 1971 साली लग्न होऊन सरस्वतीपुरमच्या घरात आल्या, म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात पुस्तकांच्या कपाटांमध्ये त्यांची नोकरी झाली, आणि यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात. भाऊंचा जन्म बांधकामावर गेला. त्यामुळे चहा ओतून होईपर्यंत ते न्हाणीघरात टेप लावून उभे होते.

“न्हाणीघर चार इंच खाली आहे, ताई. आणि आत-बाहेर तोच तांबडा कोबा. भरदिवसा मला पायरी दिसली नाही.”

“मला इतकी वर्षं दिसतेय.”

“परवा दिसली नाही ना?”

“परवा अंधार होता.”

“मग दिवा का नाही लावलास?”

“बटण न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर आहे. तुझ्या भावोजींनी बसवलेलं.”

ताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मनगटाला चीर गेली होती. भाऊंचं म्हणणं सरळ होतं: माणूस या वयात बदलत नाही, घर बदलता येतं. दांडे ठोकू, पायरी रंगवू, दिवे लावू. आणि सोबत चार गोष्टी बंद: गच्चीवर वाळवणं घालणं बंद, देवराज मार्केट बंद, कुक्करहळ्ळी तळ्यावरची पहाटेची फेरी बंद, आणि दसऱ्याची गर्दी ओसरली की दरवर्षी ताई चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढतात, ते तर कायमचं बंद.

ताईंचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. “ठोक तुझे दांडे. पण मला बसवून ठेवलंस तर पुढच्या वर्षी मी त्या दांड्याला धरूनही उभी राहणार नाही.”

मग त्यांनी शेजारणीचं उदाहरण दिलं. फाटकाशी भेटली की ती म्हणते, “निधान, अम्मा, निधान.” कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश. “हे लोक हळू जा म्हणतात. निदान जा तरी म्हणतात! तुमचं जपून म्हणजे जाऊच नको.”

ही शब्दांची कोटी सोडून देण्यासारखी नाही. घरोघरी ‘जपून’ हा शब्द सल्ल्यासारखा वापरला जातो, पण त्यात करायचं काय ते काहीच सांगितलेलं नसतं. ताईंच्या वहीतल्या 19 जणांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, की तुम्ही नेमक्या कशा पडलात? भाऊंनीही विचारलं नव्हतं. त्यांनी पायरी मोजली आणि पायरीला दोषी धरलं.

विचारलं असतं तर ताईंनी जे सांगितलं असतं ते असं. पहाटेचे साडेतीन. दोन दिवस सर्दी, म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी रात्री घेतलेली. ती घेतली की गुंगी येते. रक्तदाबाची गोळी आठवड्यापूर्वीच वाढवलेली. लघवीची घाई झाली म्हणून त्या झटक्यात उठल्या, डोळ्यांपुढे क्षणभर काळोख आला, तो खोलीतला की डोक्यातला ते कळलं नाही. पायात पाणी लागलेली रबरी चप्पल. चष्मा उशाशी. आणि मग ती चार इंचांची पायरी. पायरी या रांगेत शेवटची होती. आधीच्या पाचांपैकी एक जरी नसती, तर कदाचित पायरी नेहमीसारखी निमूट पडून राहिली असती.

रात्री जेवणं झाल्यावर भाऊंनी फाइल उघडली. त्यांच्याकडे आकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दरवर्षी जगात सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडण्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

“आणि हे बघ घराबद्दल,” भाऊ म्हणाले. संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेचा 2023 चा कागद होता. 22 अभ्यास, 8463 वयस्क माणसं. घरातले धोके काढले की पडण्याचं प्रमाण 26 टक्क्यांनी कमी होतं.

ताईंनी चष्मा लावला आणि कागद ओढून घेतला. आयुष्यभर संशोधकांना संदर्भ शोधून दिलेल्या बाईला कागदातली पहिलीच ओळ वाचून थांबायची सवय नसते. “अरे, खालचं वाच की. ज्यांना आधीच धोका जास्त, म्हणजे नुकती पडलेली किंवा रोजच्या कामाला मदत लागणारी माणसं, त्यांच्यात 38 टक्के. आणि ज्यांना तसा काही धोका नव्हता, त्यांच्यात फरकच नाही.”

“मग? तू नुकती पडलेलीच आहेस.”

ताई जरा वेळ गप्प बसल्या. “हं. ते आहे खरं.”

पहिला डाव भाऊंचा झाला. पण घर म्हणजे कोणाचंही घर नव्हे, हा मुद्दा ताईंच्या हाती राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला आला. भाऊंनी पुस्तकात दिलेल्या उंचीवर दांड्याची खूण केली होती. ताई म्हणाल्या, आधी मला एकदा बसून उठू दे. त्या कमोडवर बसल्या, उठल्या, आणि त्यांचा डावा हात आपोआप पितळी नळाकडे गेला. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा नळ. इतक्या वर्षांत त्या नळाला धरून उठत होत्या, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. भाऊंनी बोटानं पुस्तकी खूण पुसली आणि हात जिथे गेला तिथे खडूनं फुली मारली. दांडा तिथे बसला. विटेत तीन इंच आत जाणाऱ्या फास्टनरनं; कारण टॉवेल वाळत घालायच्या दांडीवर किंवा काचेला रबरानं चिकटणाऱ्या मुठीवर माणसाचा भार टाकणं म्हणजे पडण्याची तयारीच करून ठेवणं. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लागली. दिव्याचं बटण बाहेर आलं.

मग ताईंची पाळी. त्यांच्याकडे फाइल नव्हती, पण भाचीनं मोबाइलवर पाठवलेला कॉक्रनचाच आणखी एक आढावा होता, 2019 चा. 108 चाचण्या, 25 देश, 23407 माणसं, सरासरी वय 76. व्यायामानं पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी होतं. तोल सांभाळायचे आणि स्नायूंना ताकद देणारे व्यायाम एकत्र केले तर सुमारे 34 टक्क्यांनी. आणि इथे आधी पडलेला, न पडलेला असा भेद नाही. “म्हणून सांगते, मी रोज तळ्याला फेरी मारते. माझा व्यायाम चालू आहे.”

आता कागद ओढायची पाळी भाऊंची होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाजवळ धरून वाचला. “इथे म्हटलंय, नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं का, ते नक्की सांगता येत नाही.”

“काय?”

“तूच वाच.”

ताईंनी वाचलं. खरंच होतं.

हा धक्का एकट्या ताईंना बसलेला नाही. कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठानं रोज पहाटे म्हैसूरची निम्मी पेन्शन चालत असते. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांच्या काळात, 1864 साली बांधलेलं हे तळं. कन्नड कवी कुवेंपूंनी आणि आर. के. नारायण यांनी याच्या काठानं फेऱ्या मारल्या. आज तिथे मफलर, कानटोप्या आणि सपाट, दाबून घट्ट केलेली वाट असते. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, गप्पांना तर उत्तमच. पण सपाट वाटेवर एका चालीनं गेलं की तोलाची परीक्षा होत नाही. तोल शिकतो तो डगमगल्यावर. एका पायावर उभं राहिलं, टाच-बोटं जोडून सरळ रेषेत चाललं, वळून मागे पाहिलं, खुर्चीवरून हात न टेकता उठलं, की मेंदू, कानातली तोलाची यंत्रणा, घोटा आणि मांडी यांना एकमेकांशी बोलावं लागतं. न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरात ऐंशीच्या पुढच्या बायकांना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन असेच व्यायाम शिकवले. 1997 साली त्याचे निकाल आले आणि ओटॅगो व्यायामक्रम म्हणून तो आज जगभर वापरतात. ऑस्ट्रेलियात तर लिंडी क्लेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा व्यायामाचा तासच काढून टाकला. दात घासताना एका पायावर, भांडी फळीवर ठेवताना चवड्यांवर, खालच्या खणातलं काढताना कमरेत न वाकता गुडघ्यांत. 317 माणसांच्या त्या अभ्यासात 2012 साली पडण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी कमी दिसलं.

“म्हणजे मी ओट्याला धरून एका पायावर उभी राहून डाळीला फोडणी द्यायची?” ताईंनी विचारलं.

“फोडणी नको. फोडणी झाल्यावर.”

म्हैसूरच्या गोष्टीत योगाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, आणि पुणेकर समोर असेल तर तो अय्यंगारांवरच येतो. 1933 साली नाल्वडी कृष्णराज वोडेयरांच्या आश्रयानं जगन्मोहन राजवाड्यात टी. कृष्णमाचार्यांची योगशाळा सुरू झाली. तिथे शिकलेला त्यांचा किशोरवयीन मेहुणा बी. के. एस. अय्यंगार 1937 साली काही महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा यांचा आधार घेऊन आसनं करायची त्यांची रीत पुण्यातल्या कितीतरी आजीआजोबांनी अनुभवली आहे. भाऊ म्हणाले, “म्हणजे माझे दांडे म्हणजे अय्यंगारच!” ताई म्हणाल्या, “त्यांचा आधार हालचाल करायला होता, तुझा बंद करायला.” एकच खबरदारी इथे नोंदवायला हवी: योगानं म्हाताऱ्या माणसांचा तोल आणि हालचाल सुधारते याचे पुरावे आहेत, त्यानं पडणं कमी होतं हे सांगणारे पुरावे तितके भक्कम नाहीत. म्हैसूरमध्ये राहून हे लिहायला थोडं धैर्य लागतं.

तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून ताईंच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला दिवाणखान्यात कॅमेरा हवा होता आणि आईच्या मनगटावर पडल्याचं ओळखून फोन लावणारं घड्याळ. मामा लगेच मुलाच्या बाजूनं झाले. ताईंनी विचारलं, “घड्याळ मला पडू देणार नाही का?”

“नाही आई, पडलीस तर कळवेल.”

“मग ते पडल्यानंतरचं झालं. आधीचं काय?”

मुलाची काळजी खोटी नव्हती. पडल्यावर उठता न येणं हा पडण्याइतकाच वाईट भाग आहे. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या 110 जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांतले 60 टक्के जण वर्षभरात पडले; पडलेल्यांपैकी 80 टक्क्यांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही, आणि 30 टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. मदतीची घंटा बहुतेकांजवळ होती, पण वेळेला ती बहुतेकांनी वाजवली नाही. कुणाला त्रास द्यायला नको वाटलं, कुणाला आपलं आपण उठू असं वाटलं. तेव्हा घड्याळ घ्यावं, हरकत नाही, पण जमिनीवरून उठायचं कसं ते आधी शिकावं.

भाऊंनी ते फाइलमधून वाचून दाखवलं. कुशीवर वळा. कोपरावर या. मग हात टेकून गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीच्या बैठकीवर हात, ताकदीचा पाय पुढे रोवा, जोर लावा, उठा, वळा, बसा. ताईंचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून करून दाखवायची जबाबदारी भाऊंवर आली. ते सतरंजीवर आडवे झाले. कुशीवर वळले. कोपरावरही आले. गुडघ्यांवर यायला तीन प्रयत्न लागले. खुर्चीला हात लावून पाय रोवला तेव्हा मांडी थरथरायला लागली आणि ते पुन्हा खाली बसले.

“जेवायला टेबल कधी आणलंत रे तुम्ही?”

“बारा वर्षं झाली.”

ताई रोज देवापुढे पाटावर बसतात, मांडी घालून कोशिंबीर चिरतात, आणि उठताना फक्त गुडघ्यावर हात ठेवतात. ब्राझीलमधल्या क्लाउडिओ गिल आराउजो यांनी जमिनीवर बसून उठायला किती आधार लागतो याला गुण दिले आणि 2012 साली सांगितलं की 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांत ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. याचा अर्थ पाटावर बसलं की आयुष्य वाढतं, असा काढणं घाईचं. पण आपल्याकडे जे बसणं-उठणं दिवसातून दहा वेळा फुकट घडायचं, ते आपण सोफा आणि डायनिंग टेबलाच्या बदल्यात देऊन टाकलं, आणि आता त्याचीच शिकवणी लावावी लागते. दुखऱ्या गुडघ्यांना आणि खुबा बदललेल्यांना मांडी घालणं सांगू नये, हे खरं. बाकीच्यांनी निदान आठवड्यातून काही वेळा तरी जमीन गाठावी. भाऊ अखेर चौथ्या प्रयत्नात उठले. फाइल त्यांनी त्या दिवसापुरती मिटली.

औषधांबद्दल मात्र दोघांचं भांडण झालं नाही, कारण चूक दोघांचीही निघाली. भाऊंनी घरातलं रक्तदाबाचं यंत्र लावलं. ताई पाच मिनिटं आडव्या: वरचा आकडा 142. उभ्या राहिल्यावर मिनिटभरात: 118. उभं राहिल्यावर पहिल्या तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला, तर डॉक्टर त्याला गंभीरपणे घेतात. ताईंना बसवूनच दरवेळी रक्तदाब मोजला गेला होता; उभं करून कुणी मोजलाच नव्हता. दोघं गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. स्वतःहून गोळी बंद करायची नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी मात्रा आणि वेळ बदलली, सर्दीची ती गुंगीची गोळी काढून टाकली. शिवाय एक गोष्ट सांगितली जी 19 फोनांत कुणाला सुचली नव्हती: उभ्या उंचीवरून पडून हाडाला चीर गेली, तर हाड ठिसूळ झालंय का ते तपासायला हवं. मनगट हा अनेकदा पहिला इशारा असतो, खुबा नंतर येतो. हाडांच्या घनतेची चाचणी झाली, औषध सुरू झालं.

“रागी मुद्दे खाऊन माझी हाडं ठिसूळ कशी?” ताईंना हे फार लागलं. रागी म्हणजे नाचणी, आणि मुद्दे म्हणजे तिच्या पिठाचे शिजवलेले गोळे. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही; पण पाळी गेल्यानंतरची हाडांची झीज एकट्या मुद्द्यानं भरून निघत नाही.

भाऊंची चूक त्यांच्या खिशात होती. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटांची पुडी ते कुणालाही न विचारता दर रविवारी दुधातून घेत होते, पडू नये म्हणून. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या 2256 बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिटांचा मोठा डोस देऊन पाहिला. 2010 साली निकाल आला तेव्हा डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. रक्तात कमतरता असेल तर डॉक्टरांच्या हिशेबानं घ्यावं. थोडं चांगलं म्हणून पुष्कळ चांगलं, हा हिशेब इथे लागू पडत नाही. भाऊंनी पुड्या पिशवीच्या तळाशी सारल्या.

कानांचं ताईंनी स्वतःच काढलं. मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, दूरदूरून माणसं तिथे येतात, आणि ताई तिच्या शेजारच्या परिसरात इतकी वर्षं नोकरी करूनही एकदाही तपासणीला गेल्या नव्हत्या. ऐकू कमी येणं आणि पडणं यांचा संबंध अमेरिकेतल्या 2012 च्या एका अभ्यासात दिसला होता. मागून येणारी स्कूटर ऐकू आली नाही की माणूस दचकून वळतो, एवढं तरी कुणालाही पटेल.

घराबाहेरचं काय, हा प्रश्न दोघांनाही शेवटी निरुत्तर करून गेला. न्हाणीघरात दांडा ठोकता येतो. पण फुटपाथवरची अर्धवट उखडलेली फरशी, मधोमध उभा केलेला ट्रान्सफॉर्मर, बसची गुडघ्याएवढी पहिली पायरी, देवराज मार्केटात फुलांच्या गाळ्यांपुढचा ओला दगड, इथे कुठे फास्टनर मारायचा? म्हैसूरला निवृत्तांचं नंदनवन म्हणतात. निवृत्त माणूस रस्त्यावर उतरून सुखरूप परत यावा, इतपत तरी नंदनवनानं करायला हरकत नाही. भाऊंनी घराच्या कोपऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत मोजणी केली: दोनशे मीटरांत अकरा जागी फुटपाथची पातळी बदलते. त्यांनी महापालिकेला पत्र लिहिलं, नकाशासकट. ताईंनी त्याचं कन्नड करून दिलं.

भाऊ पुण्याला परतले आणि दसरा होऊन गेला. प्लास्टर निघून दोन महिने झाले होते. ताई रोज सकाळी ओट्याला बोटं टेकवून आधी एका, मग दुसऱ्या पायावर उभ्या राहत होत्या. वहीत सेकंद लिहिलेले आहेत, पहिल्या दिवशी 4, नोव्हेंबरात 17. उठताना पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसायचं, घोटे हलवायचे, मग उभं राहायचं, हेही अंगवळणी पडलं. आणि एका संध्याकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. “डोंगर चढायचाय. येतोस की एकटी जाऊ?”

यावर तासभर बोलणं झालं. भाऊंचं म्हणणं, हजार पायऱ्या, सतराव्या शतकातल्या, उंचीला एकसारख्या नाहीत, कडेला धरायला सगळीकडे काही नाही. ताईंचं म्हणणं, मी दरवर्षी चढते. भाऊ म्हणाले, चढण्याचं मला तितकं भय नाही, जिन्यावर माणसं जास्त पडतात ती उतरताना. ताई थांबल्या. हे त्यांनाही पटण्यासारखं होतं. उतरताना पुढचं पाऊल दिसत नाही आणि गुडघ्यावर सगळा भार येतो. मग चष्म्याचा विषय निघाला. दूरचं-जवळचं एकात असलेल्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी जवळच्या भिंगातून दिसते, म्हणजे पुसट. ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत, 2010 साली, बाहेर हिंडणाऱ्या वृद्धांना बाहेर जाताना फक्त दूरचा चष्मा दिला तेव्हा त्यांचं पडणं कमी झालं. जे फारसे बाहेर पडत नव्हते त्यांना मात्र तो बदल बाधला. ताई हिंडणाऱ्यांतल्या. दूरचा चष्मा करून घेतला.

ठरलं ते असं. रिक्षानं नंदीपर्यंत जायचं. तिथवर सुमारे 700 पायऱ्या मागे पडतात, राहतात तीनेकशे. त्या चढायच्या. उतरायचं बसनं. गर्दी नको म्हणून मंगळवार-शुक्रवार टाळून गुरुवार.

दोड्ड देवराज वोडेयरांच्या काळातला तो एकसंध दगडाचा नंदी सकाळच्या उन्हात तेलानं काळा चमकत होता. ताईंनी प्रदक्षिणा घातली, बूट काढले, पुन्हा घालताना कठड्यावर बसूनच घातले. मागे पट्टा असलेले, खरखरीत तळव्यांचे बूट. साडीवर ते कसे दिसतात याची चर्चा दोन दिवस आधीच होऊन गेली होती. पायऱ्या सुरू झाल्या. कुणीतरी पहाटे नवस फेडून गेलं होतं, प्रत्येक पायरीच्या मधोमध हळद-कुंकवाची बोटं, आणि दवानं ती ओली झालेली. भाऊ मधून निघाले.

“कडेनं ये,” ताई म्हणाल्या. “मधे कुंकू आहे, घसरशील.”

भाऊ कडेला आले. साठाव्या पायरीला ते थांबले. ताई चार पायऱ्या वर उभ्या होत्या, एक हात बाजूच्या दगडावर. त्यांनी लगेच वळून पाहिलं नाही. वळायच्या आधी दोन्ही पाय एका पायरीवर आणले, मग वळल्या.

“किती राहिल्या?” भाऊंनी विचारलं.

“अडीचशे. निधान ये.”

उतरताना साध्या शहर बसमध्ये कंडक्टरनं ताईंना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकातल्या बायकांना ते मिळतं. भाऊंना पैसे मोजावे लागले. बसची पहिली पायरी टेपनं मोजायला ते खाली वाकले, तेव्हा कंडक्टरनं शिटी वाजवली.